वर्तमानपत्रांच्या टेबलापासून तहसील कार्यालयापर्यंत

माझ्या दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या सार्वजनिक वाचनालयाचा दरवाजा दिसतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच वर्षी, याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मी हा दवाखाना सुरू केला. तेव्हापासून रोज सकाळी तो दरवाजा उघडताना मी पाहतो आहे. ग्रंथपालबाई आठ वाजता कुलूप काढतात. पण साडेसातपासूनच पायरीवर चार-पाच वृद्ध येऊन बसलेले असतात. कुणाच्या डोक्यावर पांढरी टोपी, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या काखेत कापडी पिशवी. पिशवीत सहसा काही नसते. दार उघडले की प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतो. वर्तमानपत्रे वाचायला वर्गणी लागत नाही, पंखा असतो, माठातले पाणी असते आणि ‘तुम्ही इथे का बसलात’ असे कुणी विचारत नाही.

ही मंडळी वाचायला येतात, असे मी अनेक वर्षे समजत होतो. ते खरेही आहे. पण तेवढेच खरे नाही.

त्यांच्यातले एक मुनीमजी. (ओळख पटू नये म्हणून या लेखातील सर्वच व्यक्तींचे काही तपशील मी बदलले आहेत.) हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षे त्यांनी हिशेब लिहिला. वय एकाहत्तर. पत्नी जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर. अडतीवरच्या नोकरीला निवृत्तिवेतन नसते. काम थांबले की पगार थांबतो. पांढरा स्वच्छ सदरा, खिशाला पेन आणि सकाळी वर्तमानपत्र हाती आले की सर्वांत आधी वसमत आणि हिंगोलीच्या बाजारातले हळदीचे भाव मोठ्याने वाचून दाखवायचे, हा त्यांचा शिरस्ता. टेबलावरच्या कुणाचीही हळद नसली तरी सगळे ऐकत.

ते माझे रुग्ण होते. दर महिन्याला रक्तदाब तपासायला येत. अकरा महिन्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत आणि त्या वाचताना आजही मला संकोच वाटतो. दाब हळूहळू चढत होता; मी एकदा गोळीची मात्रा वाढवली, मग दुसरी गोळी जोडली. “गोळ्या घेता ना नियमित?” असे विचारले की “घेतो की, साहेब” असे उत्तर मिळे. उत्तर खोटे नव्हते. ते नियमितच घेत होते, पण एक दिवसाआड. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या होत्या.

हे मला वाचनालयामुळे कळले. एका दुपारी, दवाखान्यात गर्दी असताना, ग्रंथपालबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांना स्वतःला काही होत नव्हते. “डॉक्टरसाहेब, दोन मिनिटं देता का? मुनीमकाकांचं जरा बघा,” असे म्हणून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पंधरा दिवसांपासून काका भाव वाचत नाहीत. ‘आवाज बसलाय’ म्हणून शेजारच्याला वाचायला सांगतात, आणि त्यांच्यासमोरचे पान सकाळपासून दुपारपर्यंत तेच असते. पूर्वी बारा वाजता वाचनालय बंद झाले की ते जेवायला घरी जात. आता माठातले तीन-चार पेले पाणी पितात आणि संध्याकाळी वाचनालय पुन्हा उघडेपर्यंत मारुतीच्या पारावर बसून राहतात. आणि काल पायरी उतरताना त्यांनी भिंत धरली. “घरी चूल पेटत नसावी, असं मला वाटतं,” बाई म्हणाल्या आणि लगेच, आपण जास्त बोललो की काय, अशा चेहऱ्याने परत निघाल्या.

अकरा महिने मी त्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होतो. यातले एकही लक्षण मला दिसले नव्हते.

बाईंचे बोलणे मी इतक्या गांभीर्याने घेतले, याला एक जुने कारण होते. ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही. सातएक वर्षांपूर्वी याच टेबलावर आणखी एक गृहस्थ येत. ते बरोबर दहाला येत, घड्याळासमोरच्या खुर्चीवर बसत आणि साडेअकराला वाचन अर्धवट टाकून उठत. त्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश झाला होता. कपडे घालणे, जेवणे, शौचाला नेणे, रात्री दहा वेळा उठून ‘माझं घर कुठं आहे’ या प्रश्नाला उत्तर देणे, हे सगळे ते एकटे करीत. दिवसातला तो दीड तास ते बाहेर पडत आणि जाताना दाराला बाहेरून कुलूप लावत. एकदा बाईंचा हात भाजला म्हणून ते त्यांना माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा ही कुलुपाची गोष्ट बोलता बोलता निघाली. मी त्यांना चांगलेच सुनावले. आग लागली तर, त्या पडल्या तर, असे सगळे ‘तर’ मी त्यांच्यासमोर मांडले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाचनालयात येणे बंद केले आणि मला वाटले, आपला सल्ला मानला गेला.

चार महिन्यांनी त्यांना घरातच पक्षाघाताचा झटका आला. आता कुलूप नव्हते, कडी आतून होती. शेजाऱ्यांनी संध्याकाळी दार उघडले तेव्हा पत्नी त्यांच्या शेजारी बसून, चहा झाला आहे, उठा, असे त्यांना सांगत होत्या. ते जगले, पण त्यांची वाचा गेली. पुढे नातेवाईक दोघांनाही अकोल्याला घेऊन गेले.

कुलूप लावणे धोक्याचे होते, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. पण मी त्यांच्याकडून कुलूप काढून घेतले आणि त्या जागी काही दिले नाही. त्या दीड तासासाठी घरी बसणारे एखादे माणूस शोधणे, हे उपचाराइतकेच माझे काम होते. शेजारची एखादी बाई, भाचा, बचत गटातली कुणी, थोडे पैसे देऊन का होईना, कुणीतरी मिळाले असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी मी केली नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत दूरध्वनी सेवा आज आहे, तेव्हा नव्हती, ही सबब मी स्वतःला अनेकदा दिली आहे. परंतु शेजारीण तेव्हाही होती. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्याचा स्वतःचा रक्तदाब, झोप आणि जेवण यांकडे कुणाचेच लक्ष नसते. त्या गृहस्थांचा रक्तदाब मी शेवटचा कधी मोजला होता, हे माझ्या नोंदीत सापडले नाही. ते पत्नीला घेऊन येत, म्हणून मी पत्नीलाच तपासत असे.

तेव्हा या वेळी मी मुनीमजींना बोलावून घेतले, ते गर्दी ओसरल्यावर. ‘काही अडचण आहे का’ असे वृद्धांना विचारू नये. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. मी विचारले, “काल रात्री काय जेवलात?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “रात्रीची भूकच ऱ्हायली नाही, साहेब. चहा-बिस्कीट पुरतं.” वजन घेतले. वर्षभरापूर्वी अठ्ठावन्न किलो होते, ते एक्कावन्न भरले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू स्पष्ट दिसत होता. गोळ्यांचा प्रकारही तेव्हाच उघड झाला. अन्न कमी, पाणी जास्त, एक दिवस गोळी आणि एक दिवस नाही. अशा माणसाला मात्रा वाढवून दिल्यावर त्याने पायरीवर भिंत धरली, यात नवल नव्हते.

वैद्यकीय भाग सोपा होता आणि तोच मी सर्वांत उशिरा केला. या गोळ्या सरकारी रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार तर १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून विनामूल्य होते. हे सर्व मला माहीत होते. पण माझ्या दवाखान्याला लागूनच औषधाचे दुकान आहे, चिठ्ठी लिहिली की रुग्ण तिकडे वळतो, आणि त्या दहा पावलांत कुणाला काय परवडते, हा विचार मी करीत नव्हतो. खासगी व्यवसाय करणाऱ्या माझ्या मित्रांना हे वाचून राग आला तर मी समजू शकतो.

अवघड भाग पैशाचा होता. पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असावे लागते, अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो आणि सध्या दरमहा १,५०० रुपये मिळतात. पासष्ट वर्षांखालील विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी आणि निराधार यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. गावात या रकमेला अनुदान कुणी म्हणत नाही. ‘निराधारचा पगार’ म्हणतात. मुनीमजींनी तो शब्द ऐकला आणि सदऱ्याची बाही खाली ओढली. “मी निराधार नाही, साहेब. मला मुलगा आहे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आईवडिलांना कावडीत वाहून नेणाऱ्या मुलाचे नाव त्या योजनेला दिले आहे. ज्याचा श्रावणबाळ चाकणला आहे आणि त्याचीच चूल तिथे जेमतेम पेटते आहे, त्याने ते नाव असलेल्या अर्जावर सही कशी करायची? २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा मी त्यांना सांगून पाहिला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो, आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि मुलाकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. ज्यांची मुले सुस्थितीत असूनही पाहत नाहीत, त्यांनी हा कायदा अवश्य वापरावा, असे माझे मत आहे. मुनीमजींनी हात जोडले. मुलाशी मी फोनवर बोललो तेव्हा त्यांचे बरोबर होते, हे मला कळले. दोन पाळ्यांत काम, भाड्याची खोली, दोन लेकरे. सणावारी हजार-पाचशे पाठवतो. तो वाईट मुलगा नाही. त्याला वडिलांनी कधी काही सांगितलेच नव्हते. “बाबा म्हणतात सगळं बरं आहे,” तो म्हणाला.

तिढा सोडवला तो ग्रंथपालबाईंनी. कपाटामागच्या खोलीत काकांना बसवून त्या म्हणाल्या, “काका, चाळीस वर्षं दुसऱ्याचा हिशेब लिहिलात. सरकारकडे तुमच्या नावावर काय निघतं, तेवढं बघायला काय हरकत आहे?” हिशेब म्हटल्यावर मुनीमजी बसते झाले. त्यांनी वही मागितली आणि लागणारी कागदपत्रे एकाखाली एक लिहून घेतली. अक्षर अजून मोत्यासारखे होते, ओळ मात्र तिरपी जात होती.

आता त्यांना घेऊन जाणार कोण? बाईंना वाचनालय सोडता येत नाही आणि मला दवाखाना. दृष्टी अधू असलेल्या माणसाला ‘तहसीलला जा’ एवढे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. आमच्याकडे प्रत्येक वाचनालयाला आता एक अभ्यासिका असते आणि तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. त्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या एका मुलाला बाईंनी विचारले. त्याला सगळ्या योजना पाठ होत्या. वृद्धापकाळात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात आहे, हेही त्याने सांगितले. फक्त अर्ज त्याने कधी पाहिला नव्हता.

पहिल्याच दिवशी एक चूक झाली. वाचनालयात शिरता शिरता त्याने उत्साहाने मोठ्याने विचारले, “काका, निराधारचा फॉर्म आणलाय, बसायचं का?” टेबलावरची सात-आठ डोकी वर झाली. मुनीमजी उठून गेले आणि दोन दिवस फिरकले नाहीत. मुलाचा हेतू चांगला होता, पण ज्या एका ठिकाणी हा माणूस मुनीमजी म्हणून बसत होता तिथेच त्याला निराधार म्हणून पुकारले गेले होते. तेव्हापासून ठरले की असे बोलणे मागच्या खोलीतच करायचे, आधी त्या माणसाची संमती घ्यायची, आणि मलाही त्याच्याविषयी काही सांगायचे असेल तर त्याला विचारूनच.

पुढच्या पाच फेऱ्यांचा वृत्तान्त सविस्तर सांगत नाही; ज्यांनी आपल्या आईवडिलांसाठी हे केले आहे, त्यांना तो तोंडपाठ असेल. आधारवरची जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावरची दुसरी. उत्पन्नाच्या दाखल्याआधी तलाठ्याचा अहवाल. बँकेचे खाते व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेले, ते पुन्हा सुरू करून आधारशी जोडणे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा. आणि अंगठा. वयोमानाने त्वचा पातळ होते, कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात, आणि यंत्र त्या माणसाला ओळखत नाही. याच कारणाने मुनीमजींनी चार महिने रेशनचे धान्य उचलले नव्हते. अंगठा उठत नाही म्हणून एकदा परत यावे लागले, पुन्हा जायची लाज वाटली. अंगठ्याला पर्याय असतात, डोळ्यातले बुबुळ तपासून किंवा मोबाइलवर आलेल्या ओटीपीने ओळख पटवता येते. पण ते मागावे लागतात, आणि मागायला सोबत कुणीतरी लागते. आमचा विद्यार्थी एका फेरीनंतर मला म्हणाला, “सर, पुस्तकात योजनेला पात्रता असते, खिडकी नसते.”

अर्ज मंजूर व्हायला महिने गेले. मधल्या काळात धान्य सुरू झाले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली. सत्तरी ओलांडलेली असल्यामुळे त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्डही विद्यार्थ्याने काढून दिले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत उत्पन्नाची अट नाही. सत्तर वर्षांवरील कुणालाही योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्या मात्र त्यात येत नाहीत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. माझे अनेक रुग्ण कार्ड घेऊन औषध दुकानात जातात आणि हिरमुसून परततात.

याच विषयावर पुढे वाचताना मला समजले की अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्येच एक पूर्णवेळ समाजसेविका नेमली. दिवसभर आसऱ्याला येणाऱ्या बेघर आणि आजारी माणसांशी बोलून त्यांना निवारा, उपचार, सरकारी मदत यांच्याशी जोडून देणे हे तिचे काम. पुढे स्वतः बेघरपण भोगलेल्या माणसांनाच प्रशिक्षण देऊन त्या कामावर घेण्यात आले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही आता डॉक्टर एकाकी किंवा अडचणीतल्या रुग्णाला औषधाऐवजी एका कार्यकर्त्याकडे पाठवतात आणि तो त्यांना मंडळाशी, सल्लाकेंद्राशी, मदतीच्या कार्यालयाशी जोडून देतो. ही चिठ्ठी लिहायला मला कुणी शिकवले नव्हते.

आमच्याकडे असे पगारी माणूस वाचनालयात येईल, ही आशा मी करीत नाही. महाराष्ट्रातली ही वाचनालये १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालतात. २०२३ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली. तरीही सर्वांत लहान, ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला त्या वाढीनंतर वर्षाला ४८,००० रुपये मिळू लागले आणि त्यातले निम्मे वेतनासाठी. म्हणजे खेड्यातल्या ग्रंथपालाच्या हाती तेव्हा महिन्याला दोन हजार रुपये पडत होते, मुनीमजींच्या निवृत्तिवेतनाहून पाचशे अधिक. त्या माणसाकडून समाजकार्याची अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. त्याने पाहावे आणि कुणाला तरी सांगावे, एवढेच पुरे. पुढची जबाबदारी ज्याला सांगितले त्याची. आमच्या बाईंच्या टेबलाच्या खणात आता एक वही असते. नेहमीचा वाचक चार दिवस दिसला नाही, की त्यात तारीख पडते आणि अभ्यासिकेतले कुणीतरी त्याच्या घरावरून चक्कर मारून येते. बहुतेक वेळा तो लेकीकडे गेलेला असतो. दोनदा तसे नव्हते.

वहीत एक उणीव आहे आणि ती माझ्या पत्नीने दाखवली. वहीतली सगळी नावे पुरुषांची. वर्तमानपत्रांच्या त्या टेबलावर इतक्या वर्षांत मी एकही वृद्ध स्त्री बसलेली पाहिली नाही. माझ्या रुग्णांत एकट्या विधवा पुष्कळ आहेत. त्यांचा पार नाही, चावडी नाही, वाचनालय नाही. दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसे ऊसतोडीला जातात तेव्हा तांड्यावर नातवंडांसह मागे राहणाऱ्या आज्या तर कुणाच्याच नजरेच्या टप्प्यात नसतात. त्यांच्यापर्यंत आशाताई आणि अंगणवाडी सेविका पोचतात, म्हणून बाईंनी टेबलावरच्या पुरुषांनाच विचारायला सुरुवात केली, “काका, घरी कोण असतं? शेजारी एकटं कोण राहतं?” या प्रश्नातून आजवर तीन बायकांचे अर्ज झाले. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, हे त्यातल्या एकीच्या घराच्या वादात उपयोगी पडले. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तीन हा आकडा फार लहान आहे, हे मला माहीत आहे.

घरात वृद्ध माणूस असलेल्या वाचकांना माझे एक सांगणे आहे. तुमचे वडील किंवा सासरे रोज जिथे बसतात, मग ते वाचनालय असो, पार असो की देवळाचा ओटा, तिथे एकदा जाऊन या आणि तिथल्या माणसाला आपला फोन क्रमांक देऊन ठेवा. परगावी राहणाऱ्यांनी तर अवश्य. मुनीमजींच्या मुलाने या दिवाळीत ते केले. बाबा घरी सांगत नाहीत ते ग्रंथपालबाईंना ठाऊक असते, हे ऐकून त्याला आधी वाईट वाटले, मग बरे वाटले.

मुनीमजींचे पहिले पैसे खात्यावर आले त्या दिवशी ते दवाखान्यात आले, तपासायला नव्हे. मी पगार म्हणालो, त्यांनी दुरुस्ती केली, “जमा म्हणा, साहेब.” दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. हळदीचे भाव ते पुन्हा मोठ्याने वाचतात. आज मंगळवार, आमचा विद्यार्थी सकाळीच दोघांना घेऊन तहसीलला गेला होता. एका आजोबांचा रहिवासी दाखला कमी पडला. तलाठी गुरुवारी भेटतात, तेव्हा तो गुरुवारी पुन्हा जाईल. त्याची स्वतःची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि त्याच्या जागी कोण जाणार, ते अजून ठरलेले नाही.